आप्पांची डब्यांची तार

आमच्या घरावरून वीज जात होती, पण घरात येत नव्हती. बेळगावात पॉलिटेक्निकला शिकवत होते तेव्हा विजेच्या मोठ्या लाईनींच्या धड्याची सुरुवात मी दरवर्षी याच वाक्याने करायचे. पोरं हसायची. मी हसू द्यायचे आणि खडू उचलून फळ्यावर मनोरे काढायला लागायचे. त्या वाक्याच्या पुढे काय झालं ते मात्र कुठल्याच वर्गाला सांगितलं नाही. नोकरीभर मी दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईने काढल्या. तो माझा स्वभावच होऊन बसला आहे, घरातली माणसं कंटाळतात. नातीच्या गृहपाठातसुद्धा मला आधी चूक दिसते. तेव्हा आता एक चूक माझ्या स्वतःच्या वहीतली. ती लिहायला फार उशीर झाला हे मला कळतं, पण न लिहिता जाणं त्याहून वाईट.

आमचं घर खानापूरहून नंदगडला जाताना डाव्या अंगाला, गावापासून बाजूला, भाताच्या शेतातच होतं. घरात आप्पा, आई आणि मी. मी एकुलती एक, त्यामुळे लाडावलेली आणि थोडी शिंगं फुटलेली. परसात उभं राहिलं की डोक्यावर मोठी लाईन. पश्चिमेकडच्या धरणावरून निघून ती बेळगावकडे जायची आणि तिच्या एका मनोऱ्याचे चारही पाय आमच्या बांधाला रोवलेले होते. सकाळी धुकं असलं की वरच्या तारा चुरचुरायच्या, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशा. पाहुणे आले की मान वर करून बघत बसायचे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. उलट लाईन बंद असली आणि आवाज थांबला की आई दचकून बाहेर यायची. आई निपाणीची. तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत, बिड्या वळणाऱ्या बायकांच्या गलक्यात वाढलेली. लग्न होऊन इथे आली आणि पहिल्याच महिन्यात बोलायला कोणी नाही म्हणून म्हशीशी गप्पा मारायला लागली, असं आप्पा तिला चिडवायचे. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि चुलीत भाजलेली सुकी मासळी, दुपारी नाचणीची भाकरी आणि हुलग्याचा कट. तिखटाच्या बाबतीत आईचा हात सैल. आप्पा पहिल्या घासाला "हाऽ" करायचे आणि दुसऱ्या घासाला आणखी वाढ म्हणायचे. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसायचं काम माझं. डोक्यावरून निम्म्या जिल्ह्याची वीज चाललेली असायची आणि मी खाली वात कापत बसलेली असायचे.

गावात वीज होती. आमच्या घरापर्यंत ती यायला चार खांब हवे होते आणि ते खांब दरवर्षी पुढच्या वर्षी येणार असत. पंचायतीच्या बैठकीत एकदा आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्या डोस्क्यावरनं एवढा उजेड चाललाय आन् माझी पोरगी कंदिलावर अभ्यास करतीया. तुमी खांब देत नसला तर मी एक दिवस वरनंच खाली उतरवून घेतो बघा." सगळे हसले. आप्पांची ही बोलण्याची तऱ्हाच होती, गंभीर तोंड करून काहीही ठोकून द्यायचं. मी त्या दिवशी त्यांच्यासोबत होते. मलाही हसू आलं होतं, आणि थोडा अभिमानही वाटला होता.

भाताला दाणा भरायला लागला की पोपटांच्या झुंडी आणि वानरं यायची. त्यासाठी आमच्याकडे डब्यांची दोरी बांधायची रीत होती. शेतभर बांबू रोवायचे, त्यांवरून लांब दोरी न्यायची, तिला रिकामे डबे अडकवायचे, डब्यांत खडे टाकायचे, आणि दोरीचं टोक घराच्या कट्ट्यावर आणून ठेवायचं. पाखरं उतरली की बसल्या जागेवरून दोरी ओढायची. शेतभर खडखडाट. पण काथ्याची दोरी पावसाने फुगायची, बांबूवर अडकायची, दोन वर्षांत कुजायची. मी कॉलेजला जायला लागले त्या वर्षी आप्पांनी ठरवलं, दोरी नको, तार बांधायची. खानापूरच्या बाजारातून जस्त चढवलेल्या लोखंडी तारेचं भेंडोळं आणलं. निपाणीच्या मामांनी रिकाम्या डब्यांचं पोतं पाठवलं. ते उघडलं तेव्हा घरभर तंबाखूचा वास सुटला आणि आई माहेरी जाऊन आल्यासारखी दिवसभर खूश होती. आप्पा कामाला बसले की त्यांना जेवणाचंही भान नसे. वाळलेल्या बांबूंना त्यांनी सायकलच्या जुन्या टायरच्या कड्या ठोकल्या, म्हणजे तार त्यांतून सुळकन सरकावी. पलीकडचं टोक टायरच्याच लांब पट्टीने आंब्याला बांधलं, म्हणजे ओढून सोडली की तार आपोआप जागेवर यावी. घराकडच्या टोकाला जुन्या नांगराची लाकडी मूठ. आमचं शेत लांबुळकं, अगदी लाईनीच्या खाली तिच्याच बाजूने गेलेलं, त्यामुळे तारही या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ तिच्याखालून गेली. एवढी लांब तार, आणि कुठेही मातीला किंवा ओल्या लाकडाला टेकलेली नाही. ते काम इतकं नेटकं होतं की आजही जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं.

पहिल्यांदा मूठ ओढली तेव्हा शेजारचे भरमाण्णा आणि शेवंताक्का बघायला आले होते. भरमाण्णा म्हणजे आप्पांचा लहानपणापासूनचा जोडीदार. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून. लावणी असो की कापणी, दोन्ही घरांचा पैरा असायचा, आज तुमच्या शेतात सगळे, उद्या आमच्या. शेवंताक्का त्यांची बायको, अंगाने मजबूत आणि तोंडाने त्याहून. शेतभरचे डबे एकदम वाजले तेव्हा ती पदराने तोंड झाकून म्हणाली, "भावजी, पोपट पळाले का न्हाय म्हाईत न्हाय, पर माझी सासू झोपंतनं उठली बघा." आप्पा दिवसभर ते वाक्य आईला सांगत होते.

त्यानंतर आठवड्याने, ऊन चांगलं तापलेलं असताना, मी शेतातून येता येता एका डब्याला सहज हात लावला. बोटाला सुई टोचल्यासारखं झालं आणि कोपरापर्यंत झणका गेला. मी हात झटकला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग गवताची ओली काडी तारेला टेकवून बघितली. मुंग्या आल्यासारखं वाटलं. मी तेव्हा अकरावीला विज्ञान घेतलेलं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, आत नाव सुबक अक्षरात. पण डोकं वापरायचं मला सुचलं नाही. मला एकच सुचलं, आप्पांनी आकडा टाकून चोरून वीज घेतलीय. भरमाण्णांच्या विहिरीवर पंप होता, त्याच्यासाठी विजेचा खांब आमच्या हद्दीजवळ उभा होता. दोन दिवसांपूर्वीच आप्पा त्या खांबाखाली कमरेवर हात ठेवून वर बघत उभे असलेले मी पाहिले होते. पंचायतीत बोललेलं आठवलं. झालं, माझा हिशोब पूर्ण झाला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. आज तारेत आली आहे तर उद्या घरात दिवा येईल, असं वाटलं. आप्पांनी आईपासूनसुद्धा लपवलंय तर आपणही लपवायचं, असं मी ठरवलं. तीन आठवडे मी त्या तारेपासून हातभर लांबून चालत राहिले आणि कोणाला एक शब्द बोलले नाही. आप्पांना तारेत काही आहे याचा पत्ताच नव्हता, कारण ते ती नेहमी लाकडी मुठीने ओढत आणि पायात टायरच्या वहाणा असत. मी नुसतं विचारलं असतं, "आप्पा, तार चावतेय हो," तर पुढचं काहीच झालं नसतं. हे वाक्य मनात मी किती वेळा बोलले असेन याची गणतीच नाही.

त्या दिवशी दुपारी मी कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. कापणी जवळ आली म्हणून खाचरातलं पाणी सोडलेलं, बांध निसरडा झालेला. शेवंताक्का डोक्यावर गवताचा भारा घेऊन अनवाणी बांधावरून येत होती. पाय घसरला तशी तोल सावरायला तिने तार धरली. सगळे डबे एकदाच वाजले, ओढल्यावर वाजतात तसे नाही, कोणीतरी झोडपल्यासारखे. आणि ती किंचाळली. मी मान वर केली तेव्हा ती बांधावरून खाली पाटाच्या दगडांवर आपटलेली होती. दोन बांबू मोडून तार तिच्या अंगावर आणि चिखलात पडली होती. आप्पा गवताच्या गंजीपाशी होते. ते पळत आले, तिच्या छातीवरची तार उघड्या हाताने धरून लांब भिरकावली, आणि तिला उचलायला वाकले. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आक्का ओरडत होती, "करंट हाय! तारंत करंट हाय!" भरमाण्णा धावत आले. बैलगाडीतून तिला रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपने खानापूरला, आणि तिथून बेळगावच्या दवाखान्यात. खुब्याचं हाड मोडलं होतं. ती पुढे आयुष्यभर काठी घेऊन चालली, चिखलात वाकून लावणी तिला पुन्हा करता आली नाही.

दवाखान्यातून माणसं परत येईपर्यंत भरमाण्णांच्या भावकीने तार तुकडे तुकडे करून टाकली होती. दिवस मावळतीला फौजदार आले. आमच्या कट्ट्यावर चटई टाकून त्यांना बसवलं, आईने पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही. पंचायतीतलं बोलणं कोणीतरी त्यांना आधीच सांगितलं होतं. आप्पा उभे होते, हातावर चिखल तसाच.

"पंपाच्या खांबावर आकडा टाकलास?" फौजदारांनी विचारलं.

"न्हाय सायब. देवाशपथ न्हाय. त्या तारंत कायबी नव्हतं. मी ह्या हातानं धरून फेकली की तिला. मला काय झालं न्हाय."

"मग ती बाई काय उगंच फेकली गेली?"

मागे उभी असलेली माणसं कुजबुजायला लागली. फौजदारांची नजर माझ्यावर आली. माझ्या हातात अजून पुस्तक होतं. "तू शिकतीस न्हवं? मग खरं सांग. त्या तारेत करंट होता का न्हाय?"

मी आप्पांकडे बघितलं नाही. मला वाटलं, ते खोटं बोलत आहेत. शेवंताक्काचं हाड मोडलंय आणि माझा बाप सगळ्यांपुढे उभा राहून देवाची शपथ घेऊन खोटं बोलतोय. माझं तोंड लाजेने तापलं होतं. "होता," मी म्हणाले. "तीन आठवड्यांपासून होता. मला बसला होता."

फौजदारांनी ते कन्नडमध्ये लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. शब्दाला शब्द बरोबर होतं. मी सही केली. आप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलने हात पुसले, वहाणा घातल्या आणि त्यांच्याबरोबर जीपमध्ये जाऊन बसले. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. जीप दिसेनाशी झाल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "खरंच बोलायचं हुतं तर आदी घरात बोलायचं हुतंस गं." त्या रात्री चूल पेटली नाही.

आप्पा चार दिवस खानापूरच्या कोठडीत होते. मग जामीन, मग तारखा. स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून ते तारखेला जायचे आणि संध्याकाळी एसटीने परत यायचे. शेवटी पुरावा काही नाही म्हणून कोर्टाने सोडून दिलं. गावाने सोडलं नाही. भरमाण्णांनी मधल्या बांधावर काट्याचं कुंपण घातलं. पैऱ्याला कोणी येईना. त्या वर्षीची कापणी आम्ही तिघांनी केली, पुढच्या वर्षीची लावणीही. निम्म्या खाचरात वेळेवर रोप पडलं नाही. आप्पांनी पुन्हा तार बांधली नाही, दोरीही नाही. पोपट यायचे, खायचे, जायचे. आप्पा कट्ट्यावर बसून बघायचे. त्यांची ती गंभीर तोंड करून फेकायची तऱ्हा गेली. माझ्याशी ते पूर्वीपेक्षा मऊ बोलायचे, आणि ते मला सहन व्हायचं नाही. मला वाटायचं, चोरी पकडली गेली म्हणून नरमले आहेत. किती कोडगी होते मी! सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला खरं बोलल्याचा जो माज असतो, तो मला पुरेपूर होता.

मी डिप्लोमाला बेळगावला गेले. विजेचीच शाखा घेतली, का घेतली हे मला धड सांगता आलं नसतं. खोलीवर चौघी होतो, शनिवारी सकाळी मिसळ खायला जायचो, मी जरा माणसात आले होते. दुसऱ्या वर्षी एका दुपारी आमच्या सरांनी फळ्यावर वर एक जाड रेघ काढली, खाली तिला समांतर एक बारीक रेघ. म्हणाले, वरची उच्च दाबाची तार. खालची नुसती पडलेली, कशाला न जोडलेली, पण जमिनीपासून अलग. कुंपणाची असेल, कपडे वाळत घालायची असेल. वरच्या तारेचा दाब मधल्या हवेतून हिच्यावर उतरतो. ती जमिनीला कुठेही टेकली नाही तर तो तसाच साठून राहतो, आणि जो कोणी जमिनीवर उभा राहून हात लावेल त्याच्यातून तो खाली जातो. तार जितकी लांब तितका झटका मोठा. उपाय सोपा, एक लोखंडी सळई जमिनीत ठोकायची आणि तार तिला बांधायची. एकदा का तार मातीला टेकली की संपलं, मग लहान पोरानेही धरावी.

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. शेजारच्या मुलीने उचलून दिलं. सर पुढच्या मुद्द्यावर गेले होते. मी वहीच्या मागच्या पानावर आमच्या तारेची लांबी लिहिली, लाईनीची उंची अंदाजाने धरली, आणि गणित मांडलं. दोनदा मांडलं. माणूस मरण्याइतकं नाही, पण निसरड्या बांधावरून हाडं मोडेपर्यंत फेकला जाण्याइतकं भरपूर. टायरच्या कड्या, वाळलेले बांबू, आंब्याला बांधलेली रबराची पट्टी. आप्पांनी तार सुळकन सरकावी म्हणून जे जे केलं, त्या प्रत्येक गोष्टीने ती जमिनीपासून तोडली होती. आणि आक्का पडली तेव्हा तार चिखलात टेकली होती, म्हणून आप्पांना काही झालं नाही. ते म्हणाले ते खरं होतं. मी म्हणाले तेही खरं होतं. बाहेर पडून मी कॉलेजच्या नळावर तोंड धुतलं आणि तशीच स्टेशनवर गेले.

खानापूरला उतरून घरी पोचले तेव्हा आप्पा अंगणात टोपली विणत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काठीने मातीत वरची तार काढली, खालची काढली, मनोरा काढला. ते हातातली कामटी तशीच धरून ऐकत राहिले. मध्ये एकदा मान वर करून त्यांनी लाईनीकडे बघितलं. माझं बोलणं संपलं तेव्हा ते म्हणाले, "आदी शेवंता वैनीला सांगून ये. पाय तिचा गेलाय."

काट्याच्या कुंपणाला वळसा घालून मी तीन वर्षांनी त्या घरी गेले. शेवंताक्का सोप्यात सुपात तांदूळ निवडत होती. काठी भिंतीला टेकवलेली. भरमाण्णा शेतात होते. मला बघून ती दचकली, मग म्हणाली, "ये बस. वाळलीस गं लई." मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी मातीऐवजी सुपातल्या तांदळावर बोटाने रेघा ओढून. तिने खडे बाजूला काढणं थांबवलं नाही.

"म्हणजे आप्पांनी काही केलं नव्हतं, आक्का," मी शेवटी म्हणाले.

"म्हाईत हाय की."

मला कळेना ती काय म्हणाली.

"तुझ्या बापानं माझ्या उरावरची तार उघड्या हातानं धरून फेकली," ती म्हणाली. "करंट सोडल्याला माणूस अशी तार धरंल व्हय गं? त्यो आदी खांबाकडं पळंल. मी पडल्या पडल्या बघत हुते. ते बघूनच मला कळलं, ह्या माणसाला कायबी म्हाईत न्हाय."

तेच मीही बघितलं होतं. कट्ट्यावरून, पुस्तक मांडीवर घेऊन, अगदी स्वच्छ. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले की! दवाखान्यातनं आले त्याच दिवशी ह्यास्नी सांगिटलं, दिरास्नी सांगिटलं. सगळी मलाच म्हणाली, त्याची पोटची पोरगी, शिकल्याली, ती लिवून देती की करंट हुता म्हणून, आन् तू काय अडाणी त्याची बाजू घेतीस? मग मी गप ऱ्हायले. तुझ्याम्होरं माझं कोण ऐकणार?" तिने सूप खाली ठेवलं. रागावलेली नव्हती, आणि ते जास्त अवघड होतं. "चा ठेवते, थांब," ती म्हणाली आणि काठीकडे हात नेला. मी तिला उठू दिलं नाही. नको म्हणून निघाले.

आप्पा तिथेच होते. टोपली पुढे सरकलेली नव्हती. मातीतल्या माझ्या रेघा पुसल्या जाऊ नयेत म्हणून ते पाय बाजूला घेऊन बसले होते. "काय म्हणाली वैनी?"

"त्यांना पहिल्यापासून माहीत होतं," मी म्हणाले. आणि मग जे बोलायला गाडीत सगळा वेळ मन घट्ट केलं होतं ते बोलले. "मला माहीत नव्हतं, आप्पा. मला वाटलं होतं तुम्हीच आकडा टाकलाय. तुम्ही शपथ घेतलीत तेव्हाही वाटलं. आज दुपारपर्यंत वाटत होतं."

ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं. ओरडायला हवे होते. पण ते त्या रेघांकडे बघत होते. "म्हंजे मी खरंच केलं न्हवतं," ते म्हणाले.

"काय?"

"तू म्हणालीस करंट हुता. तू खोटं बोलणार न्हाईस, एवढं मला पक्कं. मग कोठडीत बसून मी लई इचार केला. म्हटलं, माझ्याच हातनं तार कुठंतरी त्या पंपाच्या वायरीला चिकटली असणार. सुटून आल्यावर चार येळा त्या खांबाखाली जाऊन बघितलं. काय गावलं न्हाय. तरीबी म्हटलं, पोरगी सांगतीया म्हंजे चुकलं असणार माझंच. शेवंता वैनी काठी टेकत जाताना दिसली की मी आत जाऊन बसायचो."

मी खाली मातीत बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून माझ्या बापाने तीन वर्षं स्वतःला गुन्हेगार मानलं होतं. त्यांच्या शपथेवर मी एक दिवसही विश्वास ठेवला नव्हता.